काळी चकती मला दिसत नाही

९ जानेवारी २००४, शुक्रवार

जिंकले! जिंकले जिंकले जिंकले! चार-तीन!

शेवटची दोन मिनिटं मी सोफ्यावर नव्हतेच. उभी होते, हातात लाटणं. वरच्या मजल्यावरून फरजानाने दोनदा पाय आपटला. तिला वाटलं आमच्यात भांडण लागलं. मग मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "झगडा नहीं, जीत गया!" ती म्हणाली, "कौन?" आता एवढं कोण समजावणार.

खरं म्हणजे बगळे जिंकले अठरा डिसेंबरला. पण मी आज बघितलं, तर माझ्यासाठी आजच.

माझा धाकटा डेरिल कॅनडात पाइन लेक नावाच्या गावी असतो. तिथल्या दवाखान्यात एक्सरे काढतो. तिथे बर्फावर हॉकी खेळतात, पगारी खेळाडू असतात, हजारो माणसं तिकीट काढून बघतात. गावच्या टीमचं नाव हेरन्स. शर्टावर मोठा बगळा, म्हणून मी त्यांना बगळे म्हणते. डेरिल टीव्हीवरून सामने कॅसेटवर उतरवतो आणि पोस्टाने इकडे दोहाला पाठवतो. पहिली पाठवली ती नुसती "आये, माझं गाव बघ" म्हणून. गाव कुठलं दिसायला! सगळा बर्फ आणि मारामारी. पण मी ती कॅसेट सात वेळा बघितली.

ही डायरी मोठ्या मायकलच्या कंपनीची. पानापानावर रास लफानच्या गॅसच्या टाक्या. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही लिहा काहीतरी, दिवसभर एकट्या असता. मी चौथी शिकलेली, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन. पण आज लिहावंसं वाटलं. चार-तीन!


१० जानेवारी, शनिवार

आज एक गोष्ट लिहून टाकते. इथे वाचणारं कुणी नाही. मायकलला वेळ नाही, सूनबाई लवीना हॉस्पिटलातून दमून येते, आणि नात स्टेफी, तिला अक्षरच येत नाही.

मला ती काळी चकती दिसत नाही.

या हॉकीत चेंडूऐवजी चकती असते. जिच्यासाठी एवढी ढकलाढकली, काठ्या, दात पाडणं, ती मी आजपर्यंत एकदाही बघितलेली नाही! आधी वाटलं कुणालाच दिसत नसेल. देव कुठे दिसतो, तरी सगळे त्याच्यामागे धावतातच ना, तसं असेल. मग एकदा स्टेफी म्हणाली, "आजी, डिड यू सी द पक? इट वेंट बिट्वीन हिज लेग्ज!" तेव्हा कळलं, बाकीच्यांना दिसते.

मला सगळं दुधातून बघितल्यासारखं. दोन वर्षं झाली. माणसं दिसतात, हात-पाय दिसतात, बारीक काही दिसत नाही. पण सामना कळतो! खांदा कुठे वळला, कमरेत कोण वाकला, त्यावरून मला कळतं चकती कुठे चालली. आमचा गोलकीपर, एकतीस नंबर, त्याला मी दुमिंग म्हणते. वसईला आमच्या आळीत दुमिंग होता, तसाच पिंपासारखा, तसाच दारात आडवा. त्याच्या अंगणातून आमची कोंबडी कधी पार गेली नाही. तर हा दुमिंग डावा गुडघा टेकायला लागला की समजायचं, चकती डावीकडून येते आहे. टेकायच्या आधी ढोपर जरासं हलतं. तेवढं मला दिसतं.

सांगायचं नाही कुणाला. सांगितलं तर मायकल म्हणेल ऑपरेशन. डोळ्याचं, दाताचं सगळं वसईला जाऊन, हे त्याचं ठरलेलं. मग सामने कोण बघणार? आणि माझी धोंडूमावशी, तिचं ऑपरेशन झालं ते माझ्या लग्नाच्या वर्षी. आधी धूसर दिसायचं, नंतर तेही गेलं. भिंतीला हात लावत फिरायची. मला धूसर चालेल. मला मावशी व्हायचं नाही.

आणि स्टेफी. नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. आधी शाळेतून आली की सरळ खोलीत, दार बंद. आता कॅसेट आली की माझ्या मांडीला मांडी लावून बसते. ते मी कशाला मोडू?


१५ जानेवारी, गुरुवार

मायकल पोस्टातून रिकामा आला.

इथे बाहेरून व्हिडिओ कॅसेट आली की पोस्टात आधी लावून बघतात, आत काही वंगाळ नाही ना. मग शिक्का मारून देतात. ते बघायचं काम अबूबकर नावाच्या माणसाचं, केरळचा आहे. मायकल म्हणाला, "आये, ऐक तरी. मी म्हटलं पार्सल द्या, तर म्हणतो, सर, कल आओ. थर्ड पीरियड बाकी है!"

मेला आमचे सामने बघत बसतो!

लवीना हसून हसून खुर्चीवर बसली. मी म्हटलं हसता काय, तो माझ्या आधी बघतो. त्याला सगळं माहीत! मायकल म्हणाला, "मी त्याला सांगितलंय, निकाल सांगायचा नाही. तो म्हणाला, खलास, मैं कुछ नहीं बोलेगा, मम्मी का मज़ा नहीं बिगाड़ेगा."

चांगला माणूस आहे. येताना वसईहून आणलेली सुकेळी अजून डब्यात आहेत, त्यातली दोन पुडकी मायकलबरोबर धाडली. सुकवलेली केळी केरळच्या माणसाला आवडणारच.


२ फेब्रुवारी, सोमवार

ईदची सुट्टी. पोस्ट बंद. कॅसेट नाही!

मायकल आम्हाला वेस्ट बेच्या मॉलमध्ये घेऊन गेला. तिथे मॉलच्या मधोमध बर्फाचं मैदान आहे. बाहेर वाळवंट आणि आत बर्फ, देवा रे! मी कठड्यातून हात घालून बर्फाला लावला. वाटलं फ्रीजमधल्यासारखा असेल. नाही. ओल्या फरशीसारखा, पण चावतो. वॉचमन आला, "अम्मा, नो टच." मी म्हटलं, "हो गया टच."

पोरं गोल गोल फिरत होती. मी स्टेफीला म्हटलं, तो लाल शर्टवाला पडणार. पडला. आता ती पिवळी. पडली. स्टेफी डोळे मोठे करून बघायला लागली. "आजी, हाउ डू यू नो?" मी म्हटलं, ढोपराकडे बघ. माणूस पडायच्या आधी ढोपर पडतं.

येताना सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना मला पायरी दिसली नाही. लवीनाचा दंड घट्ट धरला. तिला वाटलं मी प्रेमाने धरला.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चर्चमध्ये मिस्सानंतर फादरना विचारलंच. बरेच दिवस मनात होतं. सामना लावायच्या आधी मी एक रोझरी म्हणते. पण सामना तर तीन आठवड्यांपूर्वी होऊन गेलेला असतो! मग त्या रोझरीचं काय होतं?

फादर मंगळूरचे. हिंदीत विचारलं, "फादर, जो मॅच हो चुका है उसके लिए प्रार्थना चलता है?" त्यांनी आधी विचारलं कुठली मॅच. मग बराच वेळ सांगावं लागलं. मागे रांग लागली. शेवटी म्हणाले, "मम्मी, भगवान के पास कॅलेंडर नहीं है. आप करो."

झालं! आता मी दोन म्हणते.

(मायकल गाडीत म्हणाला, "आये, लोक फादरना पापं सांगतात गं.")


२५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

उपवासकाळ सुरू. लवीनाने चहा सोडला, मायकलने बिअर. मी पंचाला शिव्या देणं सोडलं. चाळीस दिवस. देवा, बळ दे.


२७ फेब्रुवारी

पंचाला "आंधळ्या मेल्या" म्हणाले. तिसऱ्याच दिवशी मोडलं. आणि बोलून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. आंधळं कोण!

कप्तानाला विनाकारण आत बसवला म्हणून तोंडातून गेलं. कप्तान पंधरा नंबर, पुढचे चार दात नाहीत म्हणे, म्हणून बोखा. धसमुसळेपणा केला की काचेच्या खोलीत दोन मिनिटं बसावं लागतं. मी त्याला कुमसाराची खोली म्हणते, पाप कबूल करायची. बोखा सारखा तिथेच.


१२ मार्च, शुक्रवार

फुटलं सगळं.

झालं असं. बगळे पहिल्या आठात आले. आता बाद फेरी, हरला तो घरी. मी महिनाभर लपून लोकरीच्या टोप्या विणत होते, बगळ्यांच्या शर्टाच्या रंगाच्या. लोकर सूकच्या बाजारातून मीच निवडून आणली होती. आज सामन्याच्या आधी वाटल्या. मायकलला, लवीनाला, स्टेफीला. फरजानालाही एक, तिला खाली बोलावून बसवलं होतं, कारण नुसतं वरून ऐकून ती वैतागलेली.

"घ्या," म्हटलं. "बगळ्यांची निळी टोपी."

मायकल टोपी हातात फिरवत बसला.

स्टेफी म्हणाली, "आजी, इट्स ब्राउन."

"काय ब्राउन?"

"द कॅप. इट्स ब्राउन. लाइक चॉकलेट."

मी म्हटलं, दिवा लाव आणि मग बघ. मायकल हळूच म्हणाला, "आये, दिवा लावलेलाच आहे."

लवीना उठली. आतून दोन ओढण्या आणल्या, माझ्यासमोर धरल्या. "आई, यातली निळी कुठची?" मी एकीवर बोट ठेवलं. लवीनाने दोन्ही खाली ठेवल्या आणि माझी हनुवटी धरून डोळ्यात बघितलं, तिच्या हॉस्पिटलात बघतात तसं. सिस्टर आहे ना ती. एकदम रडायलाच लागली. "दिवसाला पन्नास पेशंट बघते मी, आणि घरात यांना मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत! मला दिसू नये?"

मायकल उभाच. "आये, मग तू इतके महिने बघत काय होतीस?"

"सामना," म्हटलं.

फरजाना टोपी घालूनच बसली होती. ती म्हणाली, "आंटी, ब्राउन भी अच्छा है." मग सगळ्यांनी घातल्या. एसी सोळावर ठेवून चॉकलेटी टोप्या घालून बसलो. बगळे जिंकले, पाच-दोन. मला काही धड समजलं नाही. सगळा वेळ सगळे माझ्याकडेच बघत होते.


१३ मार्च, शनिवार

दिवसभर चर्चा. मायकल म्हणतो, वसईला घेऊन जातो, तिथे आपला डॉक्टर. लवीना म्हणते, "मी इथे असताना वसईला कशाला? माझ्याच हॉस्पिटलात करू." मायकल म्हणतो, इथे नंबर लागायला दोन महिने. मी मध्येच म्हटलं, मला करायचंच नाही. धोंडूमावशीचं सांगितलं. लवीना म्हणाली, "आई, ते चाळीस वर्षांपूर्वीचं. आता वीस मिनिटांचं काम."

"मावशीलाही असंच सांगितलं होतं," म्हटलं.

स्टेफी गृहपाठ करत होती. वही बंद केली आणि म्हणाली, "शी कान्ट गो टु वसई. इट्स प्लेऑफ्स." बाद फेरी चालू, मग जायचं कसं!

तर ठरलं, माझं कुणी ऐकेना. इथेच. डावा डोळा आधी, तीस मे. मी म्हटलं, फायनलची कॅसेट त्याच्यानंतर आली तर? मायकल म्हणाला, "आये, तारीख सोडायची नाही. खलास."

म्हणजे फायनल एक तर आहेत त्या डोळ्यांनी, नाहीतर देव देईल त्या.


१९ मार्च, शुक्रवार

स्टेफीने विचारलं, "आजी, व्हॉट डू यू सी? एक्झॅक्टली?" मी म्हटलं, माणसं. मग तिने आईची पांढरी जाळीची ओढणी घेतली, चार घड्या केल्या, डोळ्यांवर बांधली आणि टीव्हीसमोर बसली. दहा मिनिटं हलली नाही. मग ओढणी काढली. पाणी पिऊन आली.

आणि सामना सुरू झाल्यावर सांगायला लागली. आधी इंग्रजीत. पण ते इतकं भरभर, मला काहीच कळेना. मी म्हटलं, राहू दे बाय, मला ढोपरं आहेत. ती थांबली. मग हळूच, एकेक शब्द शोधून शोधून:

"आजी, आता ती... बोखाकडे आहे. बोखाने दिली. दुसऱ्याला. आता भिंतीला लागली. परत आली."

मी टीव्हीकडे बघायचं विसरले.

हिला येतं! सगळं येतं! इतके दिवस आत ठेवून बसली होती. चकतीला कधी तो म्हणते, कधी ती, बोखाला एकदा "बोखी" म्हणाली. मी काही दुरुस्त करत नाही. धावत्या माणसाला थांबवून चप्पल सरळ कर कुणी म्हणतं का?


२६ मार्च

स्टेफीचे नवे शब्द: ढकलला. आपटला. वाचवली. बुक्का मारला. पंच मेला.

शेवटचा माझ्याकडून गेला.


११ एप्रिल, ईस्टर

मैद्याचे गोल फुगे तळले, डुकराचं मटण मिळत नाही म्हणून बकऱ्याच्या मटणाचंच इंदाळ. चाळीस दिवस संपले. पंचाला सगळी थकबाकी देऊन टाकली!

बगळे पहिल्या चारात. स्टेफी सांगता सांगता उभी राहते, हात फिरवते, मध्येच माझा गुडघा दाबते, "थांब आजी, थांब, आता बघ—" बघ म्हणते मला! आणि आता मी तिला सांगते, दुमिंग डावं ढोपर टेकणार आहे, तिकडे बघ. ती म्हणते, "आली! डावीकडूनच आली!" ती चकती सांगते, मी ढोपरं सांगते. दोघींचा मिळून एक सामना होतो.

मायकल दारात उभा राहून ऐकत होता. मी बघितलं तर वळून गेला. कपाळ खाजवल्यासारखं केलं, पण मला कळलं. त्याचा खांदा तसा वळला.


१४ मे, शुक्रवार

फायनलमध्ये! फायनलमध्ये आहेत बगळे! सात सामने, चार जिंकले की कप. पहिले तीन बघून झाले. दोन जिंकले, एक हरले.

मायकलबरोबर मी स्वतः पोस्टात गेले. अबूबकरला बघायचं होतं. काउंटरच्या मागून बाहेर आला, बारीकसा माणूस, शर्टाला पेन. म्हणाला, "मम्मी, आपका बनाना खाया, बहुत अच्छा." मग आवाज खाली आणून, "आप भी थर्टी वन नंबर का फॅन?" मी म्हटलं, "वो मेरा दुमिंग है." त्याने मान डोलावली, जसा काही दुमिंगला तो ओळखतो. म्हणाला, "मैं पहले सिर्फ पाँच मिनट देखता था, ड्यूटी के लिए. वो थर्टी वन ने एक रोका ना, बायें पैर से... फिर मैं बैठ गया."

माझ्या ऑपरेशनचं मायकलने सांगितलं. अबूबकर म्हणाला, "इन्शाल्ला सब ठीक. बाकी कॅसेट आया तो मैं उसी दिन देगा. रात को घर ले जा के नहीं देखेगा." म्हणजे आधी नेत होता!


२७ मे, गुरुवार

तीन-तीन. सातव्या सामन्याची कॅसेट आली नाही. रविवारी डोळा.


२९ मे, शनिवार

नाही आली.

सकाळी घरभर फिरले. स्वयंपाकघर, गॅलरी, खाली समोरच्या मशिदीचा घुमट, दोरीवरचे कपडे. धूसर असलं तरी माझं आहे. सगळ्यांकडे नीट बघून घेतलं. स्टेफी भात खात होती, तिच्याकडे इतकी बघत बसले की ती म्हणाली, "व्हॉट, आजी?" म्हटलं, काही नाही, जेव.

मावशी म्हणायची, शेवटचं काय बघितलं तेच सारखं दिसतं. तिला बिचारीला दवाखान्याची भिंत.

रोझरी म्हणत नाही आज. नुसती बसते. माऊलीला माहीत आहे मला काय हवं.


१ जून, मंगळवार (लवीनाच्या हातून)

आई सांगतात तसं मी लिहिते. ऑपरेशन झालं. दुखलं नाही. डोळ्यावर पट्टी आणि वर प्लास्टिकची वाटी. उजव्या डोळ्याने लिहायला मी मनाई केली आहे. आई म्हणतात लिही की सून खाष्ट आहे. लिहिलं. अजून काही सांगता येत नाही, सोमवारी डॉक्टर बघतील. आई म्हणतात, पुरे, बाकीचं मी लिहीन.


४ जून, शुक्रवार (माझ्याच हातून, लवीना ड्यूटीवर गेली आहे)

काल कॅसेट आली. मायकल म्हणाला, अबूबकरने दोन्ही हातांनी दिली आणि वर बघितलंच नाही. मी म्हटलं, गप्प! मला काही सांगू नको!

लवीना म्हणाली, टीव्ही बिलकुल बघायचा नाही. तर मी सोफ्यावर आडवी, टीव्हीकडे पाठ, तोंड भिंतीकडे. चॉकलेटी टोपी घातलेली. फरजाना खाली येऊन बसली. आणि स्टेफी माझ्या डोक्याशी जमिनीवर, तोंड टीव्हीकडे.

तीन डाव. दोन तास. पोरीने श्वास घेतला नाही. सगळं मराठीत! ढोपरंसुद्धा तीच सांगत होती: "आजी, दुमिंगचं डावं ढोपर हललं. टेकला. वाचवली! आजी, वाचवली!" भिंतीवर मला सगळं दिसत होतं, टीव्हीवर कधी दिसलं नव्हतं इतकं. दोन-दोन झाले. मग जादा वेळ, जो पहिला गोल करेल त्याचा कप.

"बोखा पळतोय. बोखाने मारली. लागली गं, खांबाला लागली! आता ते येतात. तिघं येतात. दुमिंग एकटा आहे. आजी, दुमिंग एकटाच आहे—"

टीव्हीवरचे लोक ओरडत होते. मी वाट बघितली.

"आजी," ती म्हणाली. "गेली. आत गेली गं."

माझ्या खांद्यात तोंड घालून रडली. फरजानाही रडली, तिला तर नियमही माहीत नाहीत. डॉक्टरने रडायचं नाही सांगितलंय म्हणून मी पट्टी दाबून धरली. हरलो! मार्चपासून एवढं करून हरलो! पण खरं सांगू, वाईट वाटायला जागाच नव्हती. रडताना माणूस ज्या भाषेत बोलतो ना, ती पोर त्या भाषेत "आजी, दुमिंगला किती वाईट वाटलं असेल गं" म्हणत होती.


७ जून, सोमवार

पट्टी काढली.

लवीनाच्या नाकावर ठिपके आहेत! मायकलचे केस पांढरे झाले, माझा मायकल म्हातारा झाला की! आकाश इतकं निळं असतं? आणि टोपी... शी, काय भयंकर चॉकलेटी आहे ती! आणि हे सगळे तीन महिने घालून बसत होते, एक अक्षर न बोलता.

मी मावशी झाले नाही. मी मावशी झाले नाही!


१७ सप्टेंबर, शुक्रवार

जुलैत उजवा डोळाही झाला. गॅलरीच्या कठड्यावरची मुंगी दिसते. सुई ओवते. मिस्साचं पुस्तक चष्म्याशिवाय वाचते.

हॉकी बंद, उन्हाळा. स्टेफीची शाळा सुरू झाली. आली की खोलीत. काल विचारलं, जेवलीस का गं? म्हणाली, "येस आजी, आय एट ऑलरेडी." दार लोटलं. मोठी होते आहे, तिचं बरोबर आहे.

या डोळ्यांनी मला ते दार फार स्पष्ट दिसतं.


१९ नोव्हेंबर, शुक्रवार

नव्या मोसमाची पहिली कॅसेट आली, वर अबूबकरने पेनाने लिहिलंय "गुड". स्टेफी येऊन बसली. सामना सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला दिसली! काळी कुळकुळीत, पुरीएवढी, कडेला पांढरा ओरखडा. कोपऱ्यातून निघाली, बोखाच्या काठीला लागली, सगळं लख्ख.

स्टेफीने विचारलं, "आजी, कॅन यू सी इट नाउ?"

म्हटलं, "नाही गं बाय. बाकी सगळं दिसतं, तेवढी ती चकती काही दिसत नाही. फार लहान आहे."

लवीना भाजी चिरता चिरता थांबली. माझ्याकडे बघितलं. परत चिरायला लागली.

स्टेफी माझ्या मांडीला मांडी लावून सरकली. "बरं," म्हणाली. "ऐक."